कॅरिबियनमध्ये पुन्हा शिडाची बोट, या वेळी मुलं आणि आईसोबत

सागरगोटी
2008 च्या फेब्रुवारीत मी आणि नवरा ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये (बीव्हीआय) आठ दिवस शिडाच्या बोटीवर राहिलो होतो. छत्तीस फुटी बोट, आम्ही दोघंच, बरोबर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, नाही. सकाळी नांगर उचलायचा, पाचेक तास शिडावर जायचं, दुपारी दुसऱ्या बेटाच्या आडोशाला पाण्यात उडी मारायची. तेव्हाच ठरवलं होतं की दर दोन वर्षांनी यायचं. मग घर, मुलं, सासऱ्यांचं आजारपण, कोविड. साउदॅम्प्टनला राहूनसुद्धा गेली सहा वर्षं मी सुकाणू हातात धरलेलं नाही.

आता जायचं नक्की केलंय. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 चा, आणि पुण्याहून आई येणार आहे. ती 72 ची आहे, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. आम्हा दोघांकडे डे स्किपरचं, म्हणजे स्वतः बोट चालवण्याचं, प्रमाणपत्र आहे, पण ते 2006 चं.

अडलंय ते इथे: पुन्हा बीव्हीआय की ग्रेनेडिन्स, म्हणजे सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडाच्या मधली बेटं? एका सांगाड्याची बोट की दोन सांगाड्यांची कॅटमरान? नाताळात जावं की ईस्टरच्या सुट्टीत? आणि इतक्या वर्षांनी स्वतः बोट चालवावी का? आठवणीतली जागा मुलांना दाखवायची खूप इच्छा आहे, पण ती तशी उरली असेल का याची धाकधूकही आहे.

केतकीबन
वाचतेय. शिडाच्या बोटीत कधी पाय ठेवला नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचणार.

दूरचा_किनारा
मी न्यू जर्सीहून बीव्हीआयला दोनदा गेलोय, 2016 आणि 2022 ला. मधे इर्मा चक्रीवादळ येऊन गेलं, त्यामुळे दोन्ही रूपं पाहिली आहेत.

6 सप्टेंबर 2017 ला इर्मा तिथे पाचव्या श्रेणीचं वादळ म्हणून आदळलं, वाऱ्याचा वेग ताशी 295 किलोमीटरच्या आसपास. टोर्टोला या तिथल्या मुख्य बेटावर पॅराकिटा बे म्हणून एक खाडी आहे. वादळात बोटी सुरक्षित राहाव्यात म्हणून शेकडो चार्टर बोटी तिथे बांधून ठेवल्या होत्या. त्या एकमेकींवर चढून ढीग झाला. डोंगरांवर एक पान शिल्लक नव्हतं, सगळा डोंगर तपकिरी. 2022 ला गेलो तेव्हा हिरवळ परत आली होती, बोटी नव्या होत्या, पण किनाऱ्यावर मधेच एखादं छप्पर नसलेलं घर दिसायचं. व्हर्जिन गोर्डा बेटाच्या नॉर्थ साउंड खाडीतलं बिटर एंड रिसॉर्ट तुम्ही पाहिलं असेल तर तेही वादळात पार गेलं आणि नंतर आधीपेक्षा छोट्या रूपात उभं राहिलं.

पाणी मात्र तेच आहे, वाराही तोच. सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेलमध्ये शिरलात की दोन्ही बाजूंना बेटं, समोर पुढचा मुक्काम डोळ्यांना दिसतो. बदललंय ते गर्दीचं गणित. हंगामात लोकप्रिय ठिकाणचे मूरिंग बॉल (बोट बांधायचे तरंगते गोळे) दुपारी बाराच्या आत संपतात. काही ठिकाणी सकाळी सातला ऑनलाइन आरक्षण करावं लागतं. तेव्हा चार वाजता रमतगमत पोचायची सवय असेल तर ती आता चालणार नाही.

तांडेल
सागरगोटी, मी थोडं वेगळं सांगतो. बीव्हीआय म्हणजे शिकाऊ लोकांचं तळं. मुलांना खरा कॅरिबियन दाखवायचा असेल तर ग्रेनेडिन्स. मी व्यापारी जहाजांवर तीस वर्षं काढली, त्या बेटांच्या बाजूने कितीदा गेलो, पण 2019 ला मित्रांबरोबर छोट्या बोटीतून गेलो तेव्हा कुठे ती बेटं कळली. बेक्विया बेटाच्या अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये आजही माणसं हाताने बोटींच्या प्रतिकृती घडवतात. टोबॅगो केजला प्रवाळाची घोड्याच्या नालासारखी भिंत आहे. तिच्या आत नांगर टाकला की समोर आफ्रिकेपर्यंत नुसता अटलांटिक. लाटा भिंतीवर फुटतात आणि आपण आत शांत पाण्यात. सकाळी बोटीजवळ कासवं श्वास घ्यायला वर येतात.

दूरचा_किनारा
तांडेल काका, टोबॅगो केजबद्दल एकही शब्द खोटा नाही. पण सेंट व्हिन्सेंट ते बेक्विया हा नऊ-दहा सागरी मैलांचा पट्टा उघड्या अटलांटिकचा आहे. दोन बेटांच्या फटीतून वारा आणि प्रवाह दोन्ही जोरात येतात. सहा वर्षांनी सुकाणू धरणारे आईबाप, नऊ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी आजी यांच्यासाठी पहिलाच दिवस असा नको.

शिवाय 1 जुलै 2024 ला बेरिल वादळ कॅरियाकूवर आदळलं. कॅरियाकू, पेटिट मार्टिनिक आणि युनियन आयलंड या तिन्ही बेटांवर फार नुकसान झालं. तिथे पर्यटकांनी जायला हवं, तिथल्या लोकांना त्याची गरज आहे. पण जाताना कोणत्या सोयी परत सुरू झाल्यात ते आधी विचारून घ्यावं.

तांडेल
उघड्या पट्ट्याचा मुद्दा मान्य. आई बरोबर आहे हे मी वाचताना मनावर घेतलं नव्हतं. मग बीव्हीआयच. ग्रेनेडिन्स मुलं मोठी झाल्यावर, तेव्हा तीच सुकाणू धरतील.

वाऱ्यावरची_वरात
बोटीबद्दल: कॅटमरान घ्या, डोळे झाकून. एका सांगाड्याची बोट शिडावर असताना कलते. तुम्हा-आम्हाला त्यातच मजा वाटते, पण तुमच्या आईंना तिरक्या जमिनीवर चार पायऱ्या उतरून संडासला जायचंय. कॅटमरान जवळजवळ सपाट राहते. बसायची जागा, स्वयंपाकघर आणि मागचा डेक एकाच पातळीवर असतात. मागे दोन्ही बाजूंना पाण्यापर्यंत रुंद पायऱ्या असतात, त्यावरून डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीत, उतरणं खूप सोपं.

तोटेही सांगते. भाडं बरंच जास्त. वाऱ्याच्या तोंडाला ती नीट जात नाही, इंजिन लावावं लागतं. आणि समोरून लाट आली की दोन सांगाड्यांच्या मधल्या पत्र्यावर खालून धप्पकन आवाज येतो. पहिल्या रात्री माझ्या सासूबाई त्या आवाजाने उठून बसल्या होत्या. आधी सांगून ठेवा.

प्रांजळ_मत
कुणाला राग येईल, पण लिहितो. 72 वर्षांच्या बाईला, बीपी असताना, जवळ दवाखाना नसलेल्या जागी आठ दिवस बोटीवर नेणं मला पटत नाही. त्यांना छानशा रिसॉर्टमध्ये ठेवा, तुम्ही दिवसा बोटीने फिरा. सगळ्यांची हौस एकाच सहलीत भागवायचा अट्टहास कशाला?

केतकीबन
प्रांजळ, काळजी समजते. पण त्यांना कुणी विचारलं का?

मेतकूटभात
कुणीतरी जेवणाकडे वळा! बोटीवरचा गॅस दोन-तीन बर्नरचा आणि लहान असतो. बोट चालू असताना फोडणी करायची नाही, हा आमच्या बोटीवरचा पहिला नियम. गरम तेल आणि लाट यांचं जमत नाही. चालताना खायचं आधी करून ठेवायचं: दडपे पोहे, दही-मेतकूट, ठेपले, शेंगदाण्याची चटणी लावलेले सँडविच. नांगर पडला की मग थालीपीठं. भाजणी घरून न्यायची असेल तर हवाबंद पिशवीत न्या आणि विमानतळावर विचारलं तर सरळ दाखवा.

दुसरं म्हणजे पुठ्ठ्याचे खोके बोटीवर आणू नका. सामान धक्क्यावरच काढून घ्या आणि खोके तिथेच टाका. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात, एकदा बोटीत झुरळं झाली की हटत नाहीत.

मासे खाणाऱ्यांसाठी: परदेशी माणसाला तिथे मासे धरायला परवाना लागतो. आणि प्रवाळावरचे मोठे मासे, विशेषतः बॅराकुडा, स्वतः पकडून खाऊ नका. त्यांच्यात सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं. ते शिजवून जात नाही, चवीलाही कळत नाही. कोकणातल्या माणसाला समोर पोहणारा मासा सोडवत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सागरगोटी
सगळ्यांचे मनापासून आभार. दूरचा_किनारा, तो ढिगाचा प्रसंग वाचून पोटात कालवलं. आमची 2008 ची बोट कुठे गेली असेल कोण जाणे.

प्रांजळ_मत, तुमचं म्हणणं मी रागाने घेतलं नाही. काल आईला फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माझं माहेर शिरोड्याचं. शाळेत असताना खाडी ओलांडायला रोज होडी लागायची, आणि होडीला ना पायऱ्या होत्या ना संडास. मला येताना त्रास झाला तर मी सांगेन. न येता घरी बसून जो त्रास होईल तो मी कुणाला सांगू?" मग लगेच विचारलं की तिथे मिठागरं आहेत का.

दूरचा_किनारा
आहेत की! सॉल्ट आयलंड नावाचं बेटच आहे, टोर्टोलाच्या दक्षिणेला. तिथे मिठाची तळी आहेत. पूर्वी बेटावरचे लोक ब्रिटनच्या राजाला वर्षाला मिठाचं एक पोतं भाडं म्हणून द्यायचे. त्याच बेटाजवळ 1867 च्या वादळात आरएमएस ऱ्होन हे टपालाचं जहाज बुडालं, त्याचे अवशेष आजही पाण्याखाली आहेत. मागचा भाग उथळ पाण्यात आहे, मुलगी वरून मास्क लावून पाहू शकेल. आईंसाठी मीठ, मुलीसाठी जहाज.

गिरगाव_चौपाटी
शिरोड्याचं मीठ म्हटल्यावर 1930 चा सत्याग्रह आठवला. आमच्या आजोबांच्या तोंडी शिरोड्याचं नाव कायम असायचं. आईंना नमस्कार सांगा.

आणि वेस्ट इंडीजचा विषय निघाला म्हणून एक. 1971 चा दौरा! वाडेकर कर्णधार, गावस्करच्या चार कसोटीत 774 धावा, आणि मडगावच्या सरदेसाईंच्या 642. पोर्ट ऑफ स्पेनला आपण जिंकलो आणि मालिकाही 1-0 ने घेतली. आमच्या घरी पेपर येण्याआधी वडील जिन्यात जाऊन उभे राहायचे.

तांडेल
गिरगावकर, त्रिनिदादमध्ये बंदरात उतरलो की टॅक्सीवाला हा दौरा काढायचाच, आणि गावस्करचं नाव आपल्यापेक्षा प्रेमाने घ्यायचा. तिथली डालपुरी खा म्हणून हाताला धरून न्यायचा. वाटलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली पोळी, आत रस्सा. 1845 ला गिरमिटियांचं, म्हणजे भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचं, पहिलं जहाज त्रिनिदादला लागलं, ग्रेनेडाला 1857 ला. त्यांच्या पणतवंडांच्या हातची ती पोळी. भाषा गेली, पण पदार्थाचं नाव राहिलं. मी बंदरातल्या एका आजींना सांगितलं की आमच्याकडे पुरणपोळी असते, गोड. त्यांनी डाळ गोड कशी करतात ते तीनदा विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं.

नाळ_ते_वरामण
मूळ विषयावर येतो, कारण एक महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही. सागरगोटी, तुम्ही शिकलात सोलंटमध्ये, साउदॅम्प्टनजवळच्या सामुद्रधुनीत. युरोपात आणि भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. कॅरिबियन आणि अमेरिकेत बरोबर उलट: आत येताना लाल उजव्या हाताला. 2008 ला तुम्हाला हे माहीत असणार, पण इतक्या वर्षांनी दमलेल्या वेळी हात जुन्या सवयीने वळतो. आम्ही सुकाणूजवळ लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती, उजव्या बाजूला.

दुसरं, डिंगीचा दोर. माझी स्वतःची चूक सांगतो. कूपर आयलंडला मूरिंग बॉल पकडताना पहिल्या खेपेला हुकला, म्हणून मी इंजिन मागे टाकलं. मागे बांधलेल्या डिंगीचा दोर लांब सोडलेला होता, तो सैल पडून पंख्यात गेला. एक खडखडाट आणि इंजिन बंद. वारा अठरा नॉट, मागे शंभर फुटांवर दुसरी बोट. शीड तर आम्ही आधीच गुंडाळून ठेवलं होतं. बायकोने जाऊन नांगर सोडला आणि तो धरला म्हणून वाचलो. मग मास्क लावून, दातात पाव कापायची सुरी धरून मी खाली गेलो. चाळीस मिनिटं दोर कापत होतो, हात शिंपल्यांनी सोलवटले होते. तेव्हापासून इंजिन मागे टाकण्याआधी एक माणूस डिंगी ओढून अगदी जवळ बांधतो आणि मोठ्याने "डिंगी जवळ" असं ओरडतो. तुमच्या मुलाला हे काम द्या. नऊ वर्षांच्या मुलाला याहून मानाचं काम मिळणार नाही.

वाऱ्यावरची_वरात
आणि डिंगीच्या इंजिनाचा लाल दोरा मनगटाला किंवा पायाला अडकवायचाच, दोन मिनिटांच्या फेरीलासुद्धा. चालवणारा पडला तर इंजिन लगेच बंद होतं. यात सूट नाही.

निशिगंध_डॉक्टर
थोडं वैद्यकीय. बोट लागते म्हणून सिनारिझिन घेतात, पण आईंच्या बीपीच्या औषधाबरोबर चालेल का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि जायच्या आधी घरी एकदा घेऊन पाहा, कुणाला किती झोप येते ते कळतं. आलेपाक जवळ ठेवा, नजर क्षितिजावर ठेवा, आणि पहिला दिवस दीड-दोन तासांपेक्षा जास्त चालू नका. प्रांजळ यांच्या मुद्द्यावर: टोर्टोलाला रोड टाउनमध्ये मोठं रुग्णालय आहे, आणि ड्रेक चॅनेलच्या आसपास राहिलात तर ते काही तासांच्या आत आहे. म्हणून अ‍ॅनेगाडा हे लांबचं बेट मी या खेपेला टाळेन.

मुलांना एक झाड शिकवून ठेवा, मँचिनील. किनाऱ्यावर वाढतं, हिरवट पिवळी छोटी सफरचंदासारखी फळं येतात. फळ विषारी, चीक विषारी, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. फळ चवीला आधी गोड लागतं, हाच धोका.

सनस्क्रीन खनिजाचं घ्या. शेजारच्या अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्यांवर 2020 पासून बंदी आहे, प्रवाळाला त्याने इजा होते. बंदी नसली तिथेही तेच वापरा.

प्रांजळ_मत
आईंचं उत्तर दोनदा वाचलं. माझा विचार बदलला. एवढंच विचारतो, बाथ्सला, व्हर्जिन गोर्डाच्या त्या प्रसिद्ध दगडांच्या किनाऱ्यावर, त्यांना कसं नेणार? तिथे किनाऱ्यावर पोहत जावं लागतं असं ऐकलंय.

दूरचा_किनारा
बरोबर ऐकलंय. डिंगी बाहेर दोराला बांधायची आणि शेवटचं अंतर पोहायचं. उत्तरेची लाट आली की लाल झेंडा लागतो आणि कुणीच उतरत नाही. आईंना बोटीने नेऊच नका. स्पॅनिश टाउनला धक्क्याला लागा, तिथून टॅक्सीने वरच्या बाजूने जा. वरून ते घराएवढे ग्रॅनाइटचे दगड आणि निळं पाणी दिसतं. मुलं खाली जाऊन दगडांच्या मधून, दोर आणि शिड्या धरून पलीकडे निघतील, आईंनी वर बसून लिंबू सरबत प्यावं.

नाताळ की ईस्टर यावर माझं मत ईस्टर. डिसेंबर अखेर ते जानेवारीत व्यापारी वारे चढतात, त्यांना तिथे ख्रिसमस विंड्स म्हणतात, वीस-पंचवीस नॉट कितीतरी दिवस. शिवाय हिवाळ्यात उत्तरेकडून लाट येते आणि केन गार्डन बेसारखे उत्तरेचे मुक्काम रात्रभर झुलतात. एप्रिलमध्ये वारा साधारण सौम्य होतो. वादळांचा हंगाम 1 जूनपासून, त्याच्या आधीच परत याल.

तांडेल
स्किपरबद्दल मी सांगतो. पहिले दोन दिवस भाड्याने स्किपर घ्या, तिसऱ्या दिवशी त्याला धक्क्यावर सोडा. बीव्हीआयमध्ये परवान्याची सक्ती नाही, कंपनी तुमचा अनुभव लिहून मागते. त्यात सहा वर्षं रिकामी आहेत हे स्पष्ट लिहा. समुद्रावर सगळ्यात आधी बुडतो तो लपवलेला अननुभव. त्या दोन दिवसांत प्रत्येक गोष्ट तुम्ही करायची, त्याने नुसतं बघायचं. आणि जायच्या आधी मार्च महिन्यात सोलंटमध्ये दोन शनिवार-रविवार काढा. तिथल्या भरती-ओहोटीत हात बसला की बीव्हीआयमध्ये, जिथे भरतीचा फरक जेमतेम फूट-दीड फूट असतो, तिथे नांगर टाकणं सोपं वाटेल.

केतकीबन
सागरगोटी, काय ठरलं? आम्ही सगळे वाट बघतोय.

सागरगोटी
दोन आठवडे गायब होते, माफ करा. ठरलं.

बीव्हीआय, ईस्टरच्या सुट्टीत, नऊ दिवस. चार केबिनची कॅटमरान. पहिले दोन दिवस स्किपर. मार्चमध्ये सोलंटचे दोन शनिवार-रविवार नोंदवले, नवरा आणि मी आळीपाळीने. अ‍ॅनेगाडा नाही. पहिला मुक्काम नॉर्मन आयलंड, जेमतेम दीड तासावर. मग सॉल्ट आयलंड, कूपर, स्पॅनिश टाउनहून टॅक्सीने बाथ्स, आणि नॉर्थ साउंडमध्ये सलग दोन रात्री, काहीही न करता. आईच्या व्हिसाचं कागदोपत्री काम सुरू केलंय. तिच्याकडे ब्रिटनचा व्हिसा आहे, तरी प्रत्येक थांब्याचे नियम वेगळे तपासतेय. आम्ही अँटिग्वामार्गे जाणार.

2008 चा मार्ग जसाच्या तसा करायचा हट्ट मी सोडला. तेव्हा आम्ही दिवसाला पाच तास चालायचो. मुलांना ते नको आहे, त्यांना पाण्यात उतरायचंय.

मुलाने "डिंगी जवळ" ओरडायचा सराव बाथरूममध्ये सुरू केलाय. मुलीने लाल चिकटपट्टी विकत आणली.

आणि एक गोष्ट तांडेल काकांना सांगायची राहिली. नकाशा बघताना लक्षात आलं की टोर्टोला साधारण 18.4 अंशांवर आहे आणि पुणे 18.5 वर. म्हणजे आई तिच्या गच्चीवरून ध्रुव ज्या उंचीवर बघते, नॉर्थ साउंडला डेकवरून तो त्याच उंचीवर दिसणार. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, मग मला दिशा विचारावी लागणार नाही.

मुलाला ते खरं वाटेना. त्याने कोनमापकाला दोरा बांधला, दोऱ्याच्या टोकाला एक नट अडकवला, आणि काल रात्री बागेत थंडीत उभं राहून इथला ध्रुव मोजला. 50 अंश आले. वहीत लिहून ठेवलेत, आणि शेजारच्या रकान्यात नॉर्थ साउंड असं लिहून जागा मोकळी सोडली आहे.